आमच्या म्हशीची बीजांडं

मला राग फार लवकर येतो आणि तो लपवायची कला मला कधी जमली नाही. आयुष्यातली जी दोन-चार कामं मी नीट केली, ती रागाच्या भरातच केली, त्यामुळे त्याची लाजही वाटत नाही. त्यातल्याच एका रागाची ही हकिगत. तो राग एका ओळीवर होता. 'स्थानिक म्हशींची बीजांडे निकृष्ट दर्जाची असल्याने पुढील कामासाठी त्यांचा विचार करू नये.' ही ओळ आमच्या सरांनी लिहिली होती आणि तिच्याखाली सही मात्र माझी हवी होती.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. वर्ध्याजवळच्या एका प्रयोगशाळेत मी कामाला होते. कत्तल झालेल्या म्हशींची अंडाशयं आमच्याकडे यायची. त्यांच्या पृष्ठभागावर मुगापासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे पाणीदार फुगे असतात. त्यांत सुई घालून आतला द्रव हळूच ओढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या द्रवात बीजांडं शोधायची. सापडलेली बीजांडं उबेच्या कपाटात एक दिवस पिकू द्यायची, ताटलीतच त्यांची रेड्याच्या वीर्याशी गाठ घालायची आणि मग डोळे लावून बसायचं. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले की आमची दिवाळी. सगळं जमलं तर तो इवलासा गर्भ दुसऱ्या म्हशीच्या पोटात ठेवता येतो. म्हणजे एखादी जातिवंत म्हैस मेली तरी तिचा वंश संपत नाही.

ऐकायला सोपं आहे. पण म्हैस या बाबतीत मोठी चिक्कू. गाईवर काम करणारे परदेशी लोक एका अंडाशयातून किती बीजांडं मिळाली ते लिहीत, आणि ते वाचून आम्हाला हेवा वाटे. आम्हाला कधीकधी दोन-तीन अंडाशयं पिंजून काढल्यावर एक धड बीजांड मिळे. धड म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. भोवती पेशींचे दाट थर घट्ट बसलेले आणि आतला भाग सगळीकडे सारखा, डाग नसलेला, तर ते पहिल्या प्रतीचं. थर विरळ असतील तर दुसऱ्या. अंगावर काहीच नसेल, किंवा आतलं आकसलं असेल, तर ते बाजूला. पहिल्या प्रतीचं बीजांड एका दिवसात पिकलं की भोवतीचे थर उमललेल्या कापसाच्या बोंडासारखे फुलतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते.

आमच्याकडे दोन जातींवर काम चाले. एक मुऱ्हा, हरियाणाची, आखूड वळलेल्या शिंगांची, सगळ्यांची लाडकी. दुसरी आमची वऱ्हाडी म्हैस, जिला पुस्तकात नागपुरी म्हणतात. लांब, तलवारीसारखी पाठीकडे गेलेली शिंगं, अंगाने आटोपशीर, दूध मुऱ्हापेक्षा कमी, पण एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात उभी राहते आणि कडबा खाऊन गाभण राहते. सर पश्चिम महाराष्ट्रातले, हुशार, शिस्तीचे, पण मुऱ्हावर त्यांचा जीव. आमच्या म्हशीचा विषय निघाला की ते 'ही तुमची' असं म्हणायचे. त्या 'तुमची'त मीही आले हे मला कळायचं. त्यामुळे आमच्या म्हशीचं काम मी मागून घेतलं होतं.

मुऱ्हाची अंडाशयं दुसऱ्या बाजूने, संस्थेच्या जीपने येत. थर्मास माणसाच्या मांडीवर असे. आमच्या म्हशीचा कत्तलखाना मात्र जाम गावाच्या पलीकडे, हायवेला लागून होता, आणि तिकडे जीप मिळत नसे. थंडीच्या दिवसांत मी स्वतः पहाटेच्या एसटीने जायची आणि अंडाशयं डब्यात घेऊन यायची. तिथले खाटीक चाचा आधी माझ्याकडे बघेनात. एकदा मी शिंगं पाहून जनावराची जात सांगितली आणि त्याचं वयही बरोबर सांगितलं, तेव्हापासून ते मला 'डॉक्टर बेटी' म्हणायला लागले. मी डॉक्टर नव्हते. पण त्यांना किती वेळा सांगायचं!

घरी या सगळ्याचा काय गाजावाजा झाला ते मी थोडक्यातच सांगते. आमचं घर वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेचं. आधी वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून वर्ध्याच्या बाजारात विकणारं, नंतर बाबांनी जामच्या चौकात दुकान टाकलं. थंड बाटल्या, बिस्किटं, केळी, एसटी थांबली की गिऱ्हाईक. घरात अंडं शिजलं नाही कधी, आणि पोरगी कत्तलखान्यात जाते हे कळल्यावर आईने चार दिवस माझ्याशी अबोला धरला. एका ठिकाणचे पाहुणे मला बघायला आले, चहा घेतला आणि काम ऐकून न जेवता उठले. मी त्यांच्या मागून अंगणापर्यंत गेले आणि म्हणाले, "दूध कोणाचं पिता तुम्ही? म्हशीचंच ना?" आईने कपाळावर हात मारला. बाबांनी एवढंच सांगितलं, "तो डबा घरात आनाचा नाई." मी आणला नाही.

मार्चपासून अडचण झाली. बीजांडं ठेवायचं द्रावण उन्हाळ्यात टिकत नसे, ते रोज पहाटे ताजं करावं लागे आणि ते माझ्याशिवाय कोणाच्या हातून जमत नसे. मला दोन्हीकडे असणं शक्य नव्हतं. मग अशी व्यवस्था बसली की चाचा डब्यात कोमट मिठाचं पाणी भरून त्यात अंडाशयं टाकतील, झाकण घट्ट लावून एसटीत ठेवतील. कंडक्टर डबा जामला उतरवेल. तिथून वर्ध्याची गाडी लागायला तास-दीड तास जातो, तेवढा वेळ डबा बाबांच्या दुकानात राहील, आणि बाबा तो वर्ध्याच्या गाडीत चढवतील. बाबांना विचारताना मी शब्दांची जुळवाजुळव करत होते. ते म्हणाले, "डबा ठेवाले कोनाची ना आहे? ठेवून घेईन. खोलनार नाई मी तो."

चांगला काचेचा थर्मास पहिल्याच महिन्यात बसमध्ये फुटला होता. त्यामुळे एप्रिलपासूनचा हा डबा म्हणजे लोक प्रवासात पाण्यासाठी नेतात तसला, प्लॅस्टिकचा, आत फोम असलेला. मला तो पुरेसा वाटला. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आतलं पाणी काय थंड होणार आहे, असा माझा हिशेब.

एप्रिलमध्ये माझी बीजांडं फुलायची थांबली.

आधी मला तो योगायोग वाटला. मग द्रावणावर शंका आली, ते दोनदा नव्याने केलं. कपाटाचं तापमान तपासलं, वीर्य बदलून पाहिलं. काढताना बीजांडं पहिल्या प्रतीची दिसत, दाट थरांची, बघून जीव सुखावे. दुसऱ्या दिवशी पाहावं तर थर तसेच चिकटलेले आणि आतलं काळवंडलेलं. एकाचे दोन व्हायला एखादंच तयार होई, तेही पुढे जाऊन थांबे. त्याच आठवड्यात, त्याच कपाटात, त्याच द्रावणात मुऱ्हाची बीजांडं मजेत वाढत होती.

सरांनी वही पाहिली आणि ती ओळ लिहिली. उन्हाळ्यात म्हशीची बीजांडं खालावतात हे माहीत होतंच, आणि तुमची म्हैस त्यात जास्त कच्ची ठरली, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "सर, मुऱ्हा काय उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जाते का? इथल्या उन्हात जन्मली आमची म्हैस. उन्हाने बिघडायचंच तर आधी पाहुणीचं बिघडायला पाहिजे."

"ही भावना झाली," सर म्हणाले. "आकडे काय म्हणतात?"

आकडे त्यांच्या बाजूने होते. माझ्याकडे रागाशिवाय काही नव्हतं. पण मला पक्कं ठाऊक होतं की ही ओळ एकदा छापली गेली की पुढच्या माणसाला आमच्या म्हशीवर काम करायला कोणी टेबलसुद्धा देणार नाही. ओळ छापलेली असली की ती कोणी तपासत नाही, नुसती पुढच्या अहवालात उतरवून घेतात. मी सही केली नाही. सरांनी पंधरा दिवस दिले. माझ्या पाठीमागे प्रयोगशाळेत माझं नाव 'म्हशीची वकील' पडलं. मी ते तोंडावर म्हणायला सांगितलं एकाला. त्याने म्हटलं नाही.

पुढच्या खेपेला वर्ध्याच्या स्टँडवर मी डबा उतरवून घेतला आणि हाताला काही खरखरलं. डब्याच्या बुडाला ओला लाकडाचा भुसा चिकटलेला होता. डबा बाहेरून नेहमीसारखा तापलेला, पण बुडाला भुसा. मी तिथेच, स्टँडवरच्या बाकावर, झाकण उघडलं आणि पाण्यात बोट घातलं. पाणी थंड होतं. बर्फासारखं नव्हे, माठातलं असतं तसं.

लाकडाचा भुसा कुठे असतो हे आमच्याकडे कोणालाही विचारा. बर्फाच्या पेटीत असतो.

पहिला राग मला स्वतःचा आला. डबा आला की मी घाईघाईने आधी तो कोमट पाण्याच्या टबात ठेवायची, बीजांडांना ऊब मिळावी म्हणून, आणि मग सवडीने थर्मामीटर घालून वहीत आकडा लिहायची. इतक्या दिवसांत एकदाही मी ते आल्याआल्या मोजलं नव्हतं. वहीत सगळीकडे सुरेख आकडे होते आणि ते सगळे माझ्या टबाचे होते. म्हशीच्या पोटातली ऊब सुटली की बीजांड गारठतं, आणि म्हशीचं तर गाईहून लवकर. हे मीच दुसऱ्यांना शिकवत होते!

तसाच डबा घेऊन मी जामची गाडी धरली.

दुकानात बाबा केळ्यांच्या घडावर पाणी शिंपडत होते. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. "बाबा, हा डबा तुम्ही बर्फात ठेवता का?"

"हाव," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळलेला होता, ते मला आजही दिसतं. "पेटीत ठेवतो, बर्फाच्या लादीले लावून. वरून ओलं तरट टाकतो. पैल्या दिवशी बाहेरच ठेवला होता, तर मले वाटलं, काय तापून राह्यला हा! तुहा माल नासून जाईन. मंग मी बाटल्या काढून जागा केली."

भाजीवाल्याची सवय ती. सांबाराची जुडी असो, पालक असो, उन्हात टिकवायचं म्हणजे थंडाव्यात ठेवायचं, ओलं तरट घालायचं. चाळीस वर्षं त्या माणसाने नासणारा प्रत्येक जिन्नस असाच वाचवला होता. ज्या डब्याला हात लावतील की नाही याची मला धास्ती होती, तो डबा ते रोज विकाऊ बाटल्या बाहेर काढून त्यांच्या जागी ठेवत होते. आणि मला सांगितलंही नव्हतं.

माझ्या जागी शहाणी मुलगी असती तर गप्प बसली असती, उद्यापासून गाडीची वेळ बदलली असती आणि बापाला काही कळू दिलं नसतं. मला ते सुचलंच नाही. मी भडाभडा बोलले. "बाबा, ती थंडीने मरतात! दीड महिना झाला, माही सगळी बीजांडं तुमच्या पेटीत मेली! सर म्हनून राह्यले का आपली म्हैसच खराब आहे!"

चौकात गाडी थांबली होती, दोन गिऱ्हाईकं बाटली मागत उभी होती. बाबांनी त्यांना बाटल्या दिल्या, उघडून दिल्या, रिकाम्या परत घेतल्या. मग माझ्याकडे वळले.

"मले सांगाचं होतं ना, गरम ठेवाचं आहे म्हून."

खरंच, सांगितलं नव्हतं. 'खोलनार नाई' म्हणाले तेव्हा मला इतकं हायसं वाटलं होतं की पुढचं काही सांगायचं सुचलंच नाही. मला रडू आलं आणि रडू आल्याचा पुन्हा राग आला.

"किती गरम पायजे?" त्यांनी विचारलं.

"म्हशीच्या पोटात असते तेवढं."

त्यांनी मान हलवली आणि केळ्यांकडे परत गेले. मला वाटलं, दुखावले. दोन दिवसांनी वर्ध्याच्या गाडीतून उतरला तो डबा नव्हता, लाकडी खोकं होतं. आत चारी बाजूंनी पिंजलेला कापूस ठासून भरलेला आणि त्याच्या पोटात डबा. जामला बसमधून उतरल्याबरोबर तो खोक्यात जावा म्हणून बाबा स्वतः गाडीच्या दारात उभे राहिले होते, असं मला कंडक्टरने सांगितलं. मी झाकण उघडून तिथेच थर्मामीटर घातला. पारा जिथे पाहिजे तिथे होता.

दुसऱ्या दिवशी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मी सरांना हाक मारली. थर फुलले होते, सगळ्या ताटलीभर. दोन दिवसांनी एकाचे दोन, दोनाचे चार झाले, आणि आठवड्याच्या शेवटी त्यातली काही पुढच्या अवस्थेलाही गेली. पुढच्या दोन खेपांनाही तेच झालं. ऊन तेच होतं, म्हैस तीच होती. सरांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. माणूस प्रामाणिक, हे मला मान्य केलंच पाहिजे. ते म्हणाले, "ओळ काढून टाकतो. मागच्या दीड महिन्याचे आकडेही काढू. वाहतुकीत घोळ झाला, विषय संपला."

"नाही काढायचे," मी म्हटलं.

"का? तुझीच नामुष्की आहे त्यात."

"असू द्या. उद्या दुसरं कोणी उन्हाळ्यात गावाकडून डबा मागवेल, त्याच्याही बीजांडांचं हेच होईल आणि तोही म्हशीलाच नावं ठेवेल. थंडीने मेली हे लिहिलंच पाहिजे. आणि मी मोजलं नाही हेही."

सर वैतागले. अहवालात आपल्या चुका अशा कोणी लिहीत नाही, पुढे नोकरीच्या वेळी लोक हेच वाचतील, वगैरे सांगून झालं. मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनीच कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं की वाहतुकीदरम्यान अंडाशये थंड झाली, पोहोचताक्षणी तापमान मोजले गेले नाही, दोन्हींची जबाबदारी माझी. आणि या कारणामुळे त्या काळातील निष्कर्ष जातीच्या गुणवत्तेविषयी काहीही सांगत नाहीत. शेवटचे शब्द मी दाबून लिहिले, कागदाच्या मागच्या बाजूला उमटले. मग सही केली.

पुढे नोकरीसाठी गेले तेव्हा एका गृहस्थांनी तो परिच्छेद मला खरंच वाचून दाखवला, उपहासाने. मी म्हटलं, "पुढचं वाक्यही वाचा." ती नोकरी मिळाली नाही. मला तिचं अजूनही काही वाटत नाही. आमच्या म्हशीवरचं काम मात्र बंद पडलं नाही, दोन हजारनंतरही ते त्याच टेबलावर चालू राहिलं. काही वर्षं मी केलं, नंतर माझ्यानंतरच्यांनी केलं.

छापील अहवाल हातात आला तेव्हा मी तो जामला घेऊन गेले. बाबांना पुस्तकी मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून दुकानातल्या बाकावर बसून मीच वाचून दाखवला, तो परिच्छेद दोनदा. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल, त्यांच्यावर काही आलं नाही म्हणून.

त्यांनी छापील ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "याच्यात माहं कुठी आहे?"

"तुमचं नाव कायले टाकू बाबा? चूक माही होती."

"तुही काऊन? बर्फ म्या ठेवला होता." त्यांचा आवाज चढला. घरात रागीट मी एकटीच आहे असा माझा समज होता. "दीड महिना रोज ठेवला. बाटल्या काढून ठेवला. अन् लिहून काय राह्यली, तर आपोआप थंडं झालं! लिहाचं होतं ना, बापानं ठेवला म्हून. लोकायले कळू दे. पोरीच्या कामाले बापानं हात लावला नाई असं वाटन त्यायले."

अहवाल छापून झाला होता, त्यात आता काही घालता येणार नव्हतं. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा ती दुरुस्ती मी इथे करते: त्या उन्हाळ्यात डबा बर्फात माझ्या बापाने ठेवला होता.